मोजता येईल एवढंच सरकार

गावातला १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता म्हणजे ४५ घनमीटर माल. एम-२० दर्जाचा माल सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणात कालवला तर घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे ३६० पोती. जाडी १० सेंटिमीटरवर आणली की माल ३० घनमीटर आणि सिमेंट २४० पोती. मधल्या १२० पोत्यांवर आणि त्यांच्यासोबतच्या वाळू-खडीवर तालुक्याचं निम्मं राजकारण चालतं. पारावर चर्चा मात्र कोण कुणाच्या गटाचा याचीच.

ही चोरी कडेला सापडत नाही. कडेला शटरिंगची फळी असते, तिथे १५ सेंटिमीटर सगळ्यांना दिसतात. मधोमध मुरूम उंच ठेवायचा आणि वरून माल सारखा करायचा, अशी पद्धत असते. म्हणून माल पडायच्या आधी, आदल्या संध्याकाळी, दोन्ही फळ्यांच्या वरच्या काठांना दोरी ताणून बांधावी आणि दोरीपासून खाली मुरुमापर्यंत टेप लावावा. रस्त्याला दोन टक्के ढाळ धरला तर मध्यभागी वरचा थर काठापेक्षा ३ सेंटिमीटर उंच येतो, म्हणून मधोमध दोरीखाली १२ सेंटिमीटर मिळाले तर जाडी बरोबर. ७ किंवा ८ मिळाले तर काम थांबवून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि शाखा अभियंत्याला तिथेच बोलवावं. काँक्रीट सुकल्यावर ही तक्रार करण्यात अर्थ नाही, मग कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचा कापून घेतलेला नमुना, काढण्याचा खर्च कुणी करायचा यावर वर्ष जातं.

पुढचं बिघडतं ते पाण्यामुळे आणि सांध्यांमुळे. माल पडल्यावर एका दिवसाच्या आत दर ४ ते साडेचार मीटरवर जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचे सांधे कापायला हवेत. नाही कापले तर काँक्रीट आकसताना स्वतःच वाट्टेल तिथे तडकतं आणि त्या तड्यांतून पावसाचं पाणी मुरुमात उतरतं. मातीचे वाफे करून किमान १४ दिवस पाणी साचवून ठेवायचं असतं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी वाफे मोडतात, कारण कुणाचा तरी ट्रॅक्टर अडलेला असतो. यात ठेकेदाराचा दोष निम्माच.

एवढं सगळं आधी लिहिलं कारण कमी सरकार हवं असं म्हटलं की लोकांना ते पुस्तकी वाटतं. माझं म्हणणं टेपाएवढं साधं आहे. ज्या सत्तेचं काम गावातल्या माणसाला स्वतः मोजता येतं, तेवढी सत्ता ठीक. जी मोजता येत नाही ती एकतर जवळ आणावी, नाहीतर काढून टाकावी.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. आयुष्यभर सरकारी रेशन खाल्लेल्या फौजीने सरकार कमी करा म्हणावं? पेन्शन सरकारची, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं औषध सरकारचं, कॅन्टीन सरकारचं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळणारे स्वतंत्रतावादी मला पटत नाहीत. सीमा राखणं हे एकट्या-दुकट्याला न जमणारं काम आहे, त्यासाठी सरकार लागतं. पेन्शन हा करार आहे. भरतीच्या वेळी अटी सांगितल्या, तरुणपणाची पंधरा-वीस वर्षं घेतली, ऐन चाळिशीच्या आत घरी पाठवलं, त्याचा मोबदला ठरलेला होता. करार पाळला जाणं ही स्वातंत्र्याचीच बाजू आहे. अग्निवीराशी २०२२ पासून वेगळा करार होतो: चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. तो करार कंजूष आहे असं माझं मत, पण अटी आधी सांगितल्या आहेत. भरती अकॅडमीची फी भरण्याआधी घरच्यांनी त्या वाचाव्यात.

मेहेरबानी वेगळी. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि नमुना ८ चा म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा. माफी घरपट्टीची आहे, पाणीपट्टी भरावीच लागते, आणि हे पहिल्यांदा जाणारे हमखास विसरतात. मोठ्या आनंदाने ही माफी जाहीर झाली. पण आता सातारा तालुक्यातलं अपशिंगे घ्या. अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ते ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि आजही तिथे फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. अशा गावात माफी पूर्ण लागू केली तर रस्त्यावरच्या दिव्याचं बिल कुणी भरायचं? घोषणेचं श्रेय मुंबईला आणि तूट गावच्या तिजोरीत. सैनिकाशी करार गावाने केला नव्हता, देशाने केला होता, तर मोबदलाही देशाच्या तिजोरीतून यावा. माफी घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. मात्र ऐपत असताना घरपट्टी भरून नमुना १० ची पावती घेणारा माणूस ग्रामसभेत जास्त मोठ्याने बोलू शकतो, हे खरं आहे.

पाण्याकडे येऊ. गावचं राजकारण शेवटी नळालाच येऊन लागतं.

२,००० वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला १ लाख १० हजार लिटर लागतात. विहिरीपासून टाकीपर्यंत ५० मीटरचा चढ असेल तर ५ एचपीची चांगली मोटर हे पाणी साडेसहा-सात तासांत चढवते. त्याला रोज ३० युनिटच्या आसपास वीज लागते, महिन्याला ९००. शिवाय पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, दोन-तीन वर्षांतून एकदा मोटर रिवाइंड करणं. ही बेरीज फळ्यावर लिहून घरांच्या संख्येने भागली की खरी पाणीपट्टी निघते. बहुतेक गावांत ती आकारलेल्या पट्टीपेक्षा जास्त निघेल आणि म्हणूनच ती बेरीज कुणी फळ्यावर लिहीत नाही. मग वीजबिल थकतं, जोडणी तोडायला माणूस येतो, आमदारांना फोन जातो आणि आमदार उपकारकर्ते ठरतात. पाणीपट्टी कमी ठेवण्याची खरी किंमत ही असते.

ठरावीक वार्षिक पट्टीत दोघं म्हातारी माणसं राहतात त्या घराला आणि सहा म्हशी धुणाऱ्या घराला एकच दर पडतो. उपाय मीटरचा. पण मीटर बसवून मोकळं झालेल्या गावांत पहिल्याच महिन्यात भांडणं पेटतात, त्याची कारणं यांत्रिक असतात. आपल्याकडे पाणी तासभर येतं, बाकी वेळ पाइप रिकामा. पाणी सोडलं की आधी पाइपातली हवा धावते आणि मीटर तीच मोजतो. म्हणून मीटरआधी लाइनच्या उंच ठिकाणी आणि शेवटच्या टोकाला एअर व्हॉल्व्ह बसवायचे. गाळ अडकून मीटरचं चक्र थांबतं, तेव्हा आतली जाळी दर दोन-तीन महिन्यांनी धुवायची. मीटर आडवाच बसवायचा. भिंतीला जागा नाही म्हणून उभा ठोकला की रीडिंग कमी दाखवतो, आणि हे कळलेली माणसं मुद्दाम उभा ठोकून घेतात.

सर्वांत मोठा वैरी टिल्लू पंप. वरच्या आळीत चार जणांनी लाइनला थेट पंप लावले की खालच्या आळीत थेंब येत नाही. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं असं की पंप ओढतो तेव्हा लाइनमध्ये दाब उलटा होतो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. पावसाळ्यातल्या गॅस्ट्रोच्या साथीचं मूळ बरेचदा हे असतं. माझ्या नळावर मी काय लावायचं ते माझं मी बघीन, असं म्हणणाऱ्याला मी स्वातंत्र्याचा पाईक मानत नाही. तो शेजाऱ्याच्या हंड्यात हात घालतो. इथे नियम हवा आणि जोडणी तोडण्याचा अधिकारही हवा. अडचण एवढीच की सरपंच भावकीतल्याचा नळ कधी तोडत नाही. म्हणून पाण्याचं खातं वेगळं, दर लेखी, आणि दंडाचा निर्णय सरपंचाकडे न ठेवता आळीवार निवडलेल्या वापरकर्त्यांच्या समितीकडे, अशी रचना टिकते. पहिल्या २७५ लिटरला, म्हणजे पाच माणसांच्या घराच्या रोजच्या गरजेला, नाममात्र दर ठेवला की गरिबाचा प्रश्नही निकालात निघतो.

फौजेत दर महिन्याला सैनिक संमेलन भरतं, जुनी माणसं त्याला दरबार म्हणतात. त्यात मागच्या दरबारात मांडलेल्या मुद्द्यांचं काय झालं ते आधी वाचलं जातं, मग नवे मुद्दे. ग्रामसभेलाही मागचं इतिवृत्त वाचून कायम करावं लागतं, फक्त ते 'वाचलं असं समजावं' म्हणून पुढे ढकलतात. तिथेच हात वर करावा. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा हव्यात आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला लोक न येणं हे काही जणांच्या सोयीचं असतं. २ ऑक्टोबरला १०० माणसं बसलेली असणं हाच अर्धा कारभार.

दुसरी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे हँडिंग-टेकिंग. कंपनीचा स्टोअरमन बदलला तरी शेवटच्या ताडपत्रीपर्यंत मोजदाद होते आणि दोघांच्या सह्या होतात. ग्रामपंचायतीत सत्ता बदलते तेव्हा मोटर किती एचपीची, स्टार्टर कुठला, केबल किती मीटर, दिवे किती आणि त्यातले लागणारे किती, हे जडसंग्रहाच्या वहीशी ताडून पाहणारं कुणी नसतं. सहा महिन्यांनी 'मागच्यांनी नेलं' हे वाक्य तयार. नव्या पॅनेलने गुलाल पुसायच्या आधी ही यादी करावी.

पैशाचं मात्र गावाच्या हातात फारसं नाही. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे, पण पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला तो ६० टक्के बंधित होऊन, पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. ज्या गावात नळ आणि शौचालयं झाली आहेत आणि ओढ्यावरचा साकव मोडला आहे, त्यांनी काय करायचं? मग कागदोपत्री स्वच्छतेची कामं निघतात. दिल्लीतून शिक्का मारून आलेला पैसा गावाला खोटं लिहायला शिकवतो. निदान तो कुठे गेला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून घरबसल्या पाहता येतं, कुणाला किती रक्कम दिली तेही. तेवढ्याने भागलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की अर्ज वाया जातो. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची प्रत' असं लिहावं, किंवा सरळ अभिलेख पाहायला मागावा, पहिला तास फुकट असतो.

स्वतःचा कारभार स्वतः करण्याची गोष्ट या मातीला नवी नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपणहून सत्ता सोडून गावोगावच्या पंचायतींकडे दिली. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांच्या कचेऱ्या बाजूला ठेवून गावांचे तंटे गावातच सोडवले. ते सगळं गोड नव्हतं, पत्री मारणं, म्हणजे शिक्षा म्हणून तळपायांवर फटके देणं, हा न्याय म्हणून मला मान्य नाही, आरोपीला वकील नाही की अपील नाही. पण कारभार चालला. आणि खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं ते १९८०च्या दशकात. पैसा उभा करायचा तो नदीतलीच थोडी वाळू विकून, तर त्या वाळूसाठी सरकारशी झगडावं लागलं. धरण बांधण्यापेक्षा परवानगी अवघड, हे वाक्य इथे शब्दशः खरं ठरलं.

उसाबद्दल थोडक्यात, नाहीतर तोच लेख होईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. साडेअकरा उतारा असेल तर ३,९८२ रुपये ५० पैसे होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ती प्रत्येकाच्या अंतराप्रमाणे न कापता सगळ्यांची सरासरी काढून कापतात, त्यामुळे कारखान्याच्या गव्हाणीला लागून शेत असलेला शेतकरी चाळीस किलोमीटरवरच्या उसाचं भाडं भरतो. पैसे १४ दिवसांत न दिल्यास १५ टक्के व्याज, असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याज मागणारा शेतकरी पुढच्या हंगामात तोडीची वाट बघत बसतो, म्हणून कुणी मागत नाही. एफआरपी हा तळ आहे असं म्हणतात. पण त्याच आदेशाने दोन कारखान्यांत हवाई अंतराची भिंतही घातली आहे, महाराष्ट्रात २५ किलोमीटरची. नवा गिऱ्हाईक येऊ द्यायचा नाही आणि जुन्याने किती द्यायचं ते सरकारने ठरवायचं. शरद जोशींची संघटना 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होती ते याच भिंतीवर डोकं आपटून. अंतराची अट काढा आणि वजनकाटा बाहेरच्या कुठल्याही काट्यावर ताडून पाहू द्या, एवढंच मागणं निवडणुकीत कुठलाही गट जाहीरनाम्यात घेत नाही. सगळ्या गटांच्या मागे कुठला ना कुठला कारखाना असतो.

गावात रिटायर हवालदारालाही 'मेजर' म्हणतात आणि हल्ली 'मेजर, तुम्हीच उभे राहा' असा आग्रह होतो. यात एक धोका आहे. हुकूम देण्या-घेण्याची सवय हाडात मुरलेली असते. सरपंच झालेला सुभेदार पहिल्या महिन्यात वेळ पाळायला लावतो, हिशेब फळ्यावर लावतो, हे चांगलंच. तिसऱ्या महिन्यात तो बंदी घालायला लागतो: रात्री दहानंतर पारावर बसायचं नाही, अमुक केलं तर हजार रुपये दंड. पंचायतीला कायद्याने दिलेल्या कर-दंडापलीकडे मनाने दंड लावता येत नाही आणि गावातल्या कुणाला आर्मी ॲक्ट लागू नाही. बिनविरोधचं वेडही तसंच. एकोप्याच्या नावाखाली चार घरांनी बंद खोलीत सरपंच ठरवायचा आणि मतदाराला सुट्टी द्यायची. २०२१च्या सुरुवातीला राज्य निवडणूक आयोगाने उमराणे आणि खोंडामळी इथल्या निवडणुका सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून रद्द केल्या होत्या. मतपेटीला पर्याय काढला की शेवटी बोलीच लागते.

माझ्यासारख्यांची खरी परीक्षा दारूच्या दुकानाला असते. पिणारा सज्ञान, विकणारा परवानाधारक, मग तिसऱ्याने का पडावं? पण उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (दुकान बंद करा) हे मतदान मला महाराष्ट्रातल्या जास्त सरळ व्यवस्थांपैकी एक वाटतं, कारण निर्णय मंत्रालयात होत नाही, ज्यांच्या घरात त्याचा परिणाम होतो त्या बायका घेतात. यादीतल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. ९०० महिला यादीत असतील तर ४५१. मुंबई-पुण्याला गेलेली, सासरी गेलेली पण नाव न कमी झालेली, मयत झालेली, ही सगळी नावं न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूला पडतात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी साफ करून घ्यावी, मयत आणि स्थलांतरितांसाठी नमुना ७ चे अर्ज भरावेत. तारीख ऊसतोडीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत पडू नये म्हणून प्रशासनाकडे आधीच लेखी मागणी द्यावी. आणि दुकान बंद झाल्यावर हातभट्टी ओढ्याकाठी सुरू झाली तर उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार कुणाच्या सहीने जाणार, हे नाव मतदानाआधीच्या ग्रामसभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावं.